शीर्षक कापून बातमी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव पुस्तकांत उताऱ्याखाली ‘या उताऱ्याला योग्य शीर्षक द्या’ असा प्रश्न असतो. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या पाचवीच्या मुलांना तो सोडवायची युक्ती कोणीतरी पढवून ठेवली आहे. उताऱ्यात जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल तो ज्या पर्यायात दिसेल, त्याचे वर्तुळ रंगवायचे. तसा पर्याय नसेल तर पहिले वाक्य बघायचे. तिथेही काही हाती लागले नाही तर शेवटचे. उतारा कळण्याची गरज नाही, आणि उत्तर बऱ्याचदा बरोबर येते. गुण मिळाला की पुढचे कोण विचारतो? त्याच मुलाला पुस्तक मिटायला लावून ‘काय सांगितलंय रे त्यात?’ असे विचारा. तो एखादे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतो, नाहीतर ‘पाण्याबद्दल आहे’ एवढे बोलून थांबतो.

हे पत्र त्या ‘पाण्याबद्दल आहे’विषयी आहे.

मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते, म्हणजे शिक्षकमंडळींना दुर्लक्ष करायचे असेल तर सोय होईल. माझी नोकरी तार खात्यातली, खिडकीवर बसून तारा घेण्याची आणि शब्द मोजण्याची. निवृत्तीनंतर इमारतीतली आणि मागच्या गल्लीतली मुले संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये गृहपाठ घेऊन बसू लागली, त्यांच्यात मीही बसते. बहुतेकांचे आईवडील अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत, शिफ्टवर. मुलांच्या शाळा वेगवेगळ्या. काही महापालिकेच्या, काही खासगी, दोघेतिघे सेमी-इंग्रजीवाले. वाचता सगळ्यांना येते, तेही घडाघडा, त्यामुळे घरच्यांना वाटते की वाचनाचा विषय संपला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे ठरवले आहे. यातले ६० शब्द घड्याळ लावून मोजता येतात, म्हणून पालक ते घरीसुद्धा मोजतात. अर्थाला घड्याळ लावता येत नाही.

पावसाळ्यात मी मुलांना आपल्याच वृत्तपत्रातली पुराची बातमी दिली, वरचे शीर्षक कात्रीने कापून. या बातमीचा साचा नाशिककरांना पाठ आहे. गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस वाढला, धरणातून विसर्ग वाढवला, होळकर पुलाखाली पाणी चढले, रामकुंडाजवळची लहान मंदिरे बुडाली, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल वर हलवायला घेतला, काठावरच्या टपऱ्या उचलल्या, पूर बघायला पुलावर गर्दी झाली, कणसांच्या गाड्या लागल्या, आणि नदीपात्राकडे कोणी फिरकू नये असे प्रशासनाने कळवले. मुलांना म्हटले, शीर्षक तुम्ही द्या.

‘पूर’, असे बऱ्याच जणांनी लिहिले. दोघांनी ‘गोदावरी नदी’. धाकट्यांचे एकमत ‘मारुती बुडाला’वर. आणि एका मुलीने सगळी बातमीच पुन्हा लिहून काढली, फक्त अक्षर बारीक काढले.

शाळेत या सगळ्यांना एकसारखी लाल फुली मिळेल, पण त्यांचे अडले आहे ते वेगवेगळ्या ठिकाणी. ‘पूर’ हा बातमीचा विषय झाला. बातमी कशावर आहे ते त्यातून कळते, ती काय म्हणते ते कळत नाही. ‘मारुती बुडाला’ हा तपशील आहे, आणि साधासुधा नाही. मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरच नाशिककर पुराचा अंदाज बांधतो, त्यामुळे मुलांना तो सर्वांत मोठा वाटला यात नवल नाही. पण तो पुरावा आहे. बातमीचे म्हणणे वेगळे आहे. सगळे उतरवून काढणाऱ्या मुलीला विषयही कळला होता आणि तपशीलही, तिला काही सोडून द्यायचा धीर नव्हता. घरी आणि वर्गात ‘एकही मुद्दा सुटता कामा नये’ असे ऐकत वाढलेल्या मुलीकडून दुसरे काय होणार?

‘पूर’वाल्यांसाठी मी एक नियम केला आहे. उत्तरात क्रियापद हवे. नुसते नाम लिहिले की वही परत. ‘पूर आला’ असे लिहून आणले तर मी विचारते, कशामुळे आला? मग? कोणाला काय सांगायचे आहे? असे ढकलत ढकलत एक सहावीतली मुलगी म्हणाली, ‘धरणातून पाणी सोडलंय म्हणून काठ बुडायला लागलाय, तिकडे कोणी जाऊ नका.’ ही ती बातमी. एवढे एक वाक्य यायला अर्धी संध्याकाळ गेली, आणि ती जाऊ द्यावी लागते.

यानंतरचे काम मात्र सहसा कोणी करून घेत नाही. मुलीचे वाक्य मी पुठ्ठ्यावर लिहून मध्ये ठेवले, बातमीतले एकेक वाक्य पट्टीवर लिहिले, आणि प्रत्येक पट्टी उचलून विचारायचे ठरले की ही पुठ्ठ्यावरच्या वाक्याला आधार देते का. मंदिरे बुडाली, देते. माल हलवला, देते. टपऱ्या उचलल्या, देते. पुलावरची गर्दी आणि कणसे? वाचायला सर्वांत मजेची, काढून टाकली तर काही बिघडत नाही, असे बहुमत झाले. तेवढ्यात एकाने हरकत घेतली, ‘गर्दी झाली म्हणूनच तर जाऊ नका सांगावं लागलं ना आजी!’ हरकत बिनतोड होती. पट्टी कात्रीने मधोमध कापली. गर्दी आधाराच्या ढिगात गेली, कणसे शोभेच्या ढिगात राहिली. आधार आणि शोभा ही नावे मुलांनीच दिली आहेत, मला तरी पाठ्यपुस्तकातल्या नावांपेक्षा ती बरी वाटतात.

विसर्गाचा आकडा आधी सगळ्यांनी शोभेत टाकला होता. क्युसेक म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नव्हते. सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हटले की सेकंदाला २८ हजार लिटर, आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीसारख्या २८ टाक्या, दर सेकंदाला. हा हिशेब झाल्यावर धाकट्यांपैकी एकाने ती पट्टी न विचारता उचलली आणि आधाराच्या ढिगावर सर्वांत वर ठेवली.

इतिहासाच्या पुस्तकांची अवस्था पाहा. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावरच्या परिच्छेदात आमच्या मुलांनी पेन्सिलीने काय अधोरेखित केले होते, तर २ मार्च १९३०, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड. तारीख आणि नावे. परीक्षेत तेच विचारतात, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. मी विचारले, या लोकांना काय हवे होते? ‘मंदिरात जायचं होतं.’ जायला मिळाले का? ‘नाही.’ मग ते घरी गेले? इथे सगळे गप्प, कारण एवढा पुढचा विचार करायला कोणी लावलाच नव्हता. पुन्हा परिच्छेद वाचला, तेव्हा हा लढा काही वर्षे चालल्याचे वाक्य त्यांना पहिल्यांदा दिसले. आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच्या पाठोपाठ, हे मी जोडले. मग त्यांच्यातल्या मोठ्या मुलाने वाक्य केले, ‘देवळाचं दार सगळ्यांना उघडं करा, हा माणूस म्हणून हक्क आहे, असं वर्षानुवर्षं मागूनही ते उघडलं नाही.’ आता तारखेचा उपयोग कळला. १९३० आणि १९३५ या दोन सालांमधले अंतर हाच ‘वर्षानुवर्षे’चा पुरावा.

मुद्दाम मी त्यात एक वाक्य घुसवले, की मंदिर काळ्या पाषाणाचे असून ते सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकात बांधले. ते एकमताने शोभेत गेले. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या जुन्या देवळांच्या बांधकामावरचा छोटा उतारा दिला, त्यात हेच वाक्य होते आणि सत्याग्रहाचाही एक उल्लेख होता. त्या दिवशी पाषाण आधारात आणि सत्याग्रह शोभेत. एका मुलीला हे फार खटकले. सत्याग्रहासारखी मोठी गोष्ट शोभा कशी असेल? तिच्याशी मी वाद घातला नाही, कारण इथवर पोहोचलेल्या मुलीला पुढे काही शिकवावे लागत नाही. गोष्ट मोठी असणे वेगळे आणि या लेखकाला या पानावर ती कशासाठी लागते हे वेगळे. ‘महत्त्वाचे मुद्दे अधोरेखित करा’ असे फर्मान सोडताना आपण मुलांना हे सांगतच नाही. कशासाठी महत्त्वाचे, ते ठरल्याशिवाय रेघ मारणार कुठे? मग ती ठळक अक्षरांखाली, आकड्यांखाली आणि नावांखाली मारतात. काही मुलांच्या पुस्तकात तर न रंगवलेली ओळ शोधावी लागते.

माझी भाची अध्यापक विद्यालयात शिकवते. तिने मला अमेरिकेतला एक जुना अभ्यास सांगितला. डोलोरेस डर्किन या बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले आणि १९७८-७९ मध्ये निष्कर्ष छापले. ४,४६९ मिनिटांत आकलन शिकवण्यावर गेलेला वेळ जेमतेम २० मिनिटे. बाकी वेळात प्रश्न विचारणे, उत्तरे तपासणे, कार्यपत्रिका सोडवून घेणे. म्हणजे आकलनाची परीक्षा रोज होत होती, ते शिकवत कोणी नव्हते. ४० वर्षांहून जुना आणि परक्या देशातला अभ्यास, पण आमच्या पार्किंगमधल्या वह्या उघडल्या तर त्यात मला त्याच २० मिनिटांची वाट बघणारी मुले दिसतात.

शिक्षकांना दोष द्यायला बसलेली नाही. एका वर्गात एवढी मुले, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. पण कृतिपत्रिकेबद्दल एक बोलणे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ‘आकृतिबंध पूर्ण करा’ या कृतीत मधल्या गोलात मुख्य गोष्ट छापून दिलेली असते आणि भोवतालच्या चौकटी रिकाम्या असतात. मूल उताऱ्यातून शब्द उचलते आणि चौकटीत टाकते. हे उलटे करून बघा. भोवतालचे चार तपशील छापा, मधला गोल रिकामा ठेवा, आणि गोलात पूर्ण वाक्य मागा. एका तपशिलाची चौकट मुद्दाम चुकीची भरा आणि ती ओळखायला सांगा. कृती तीच, कागद तोच, पण मुलाला उतारा खरोखर वाचावा लागेल. तपासायला अवघड जाते हे मला मान्य आहे. गोलातली वाक्ये प्रत्येकाची वेगळी येतात आणि त्यांतली तीन-चार बरोबर असू शकतात.

पहिली-दुसरीला हे सगळे तोंडी आणि वस्तूंवर व्हावे, त्यावर जास्त लिहीत नाही. टोपलीत पेरू, द्राक्षे, डाळिंब आणि एक चप्पल ठेवली की काय करायचे ते प्रत्येक आईला कळते. अडचण चौथीनंतर सुरू होते, जेव्हा टोपलीचे नाव उताऱ्यात कुठेच छापलेले नसते.

याचा एक नमुना देते. मी स्वतः लिहिलेला उतारा असा: ‘उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास निघतो आणि हवेशीर कांदाचाळीत काही महिने राहतो. लाल कांदा पावसाळ्यात लावतात. त्यात पाण्याचा अंश जास्त असतो, साठवला तर तो सडतो. लासलगावला भाव उतरला तरी लाल कांद्याच्या गाड्या येतच राहतात.’ एवढीच वाक्ये. मुख्य म्हणणे यातल्या एकातही नाही. पहिले वाक्य उचलणारे पहिल्याच वाक्याला फसले, सर्वांत जास्त आलेला शब्द शोधणाऱ्यांनी ‘कांदा’ लिहिले, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने ‘कांद्याचे प्रकार’ असे नीटनेटके शीर्षक दिले. निफाड तालुक्यातून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा आहे. शाळेत मराठीच्या पेपरात त्याचे बरे चालत नाही, मोठ्याने वाचताना अडखळतो. त्याने डोके वर न करता सांगितले, ‘लाल कांदावाल्याला थांबता येत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो.’ आणि पुढे स्वतःहून म्हणाला, ‘उन्हाळवाला चाळीत टाकून वाट बघतो, म्हणून ते पहिलं वाक्य घातलंय.’ म्हणजे म्हणणेही सांगितले आणि तपशील तिथे का आहे तेही.

भाचीला हे कळवले तेव्हा तिने रेख्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगाबद्दल सांगितले. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची चांगली माहिती असलेली मुले त्या डावात काय झाले ते वाचनात पक्क्या, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा चांगले सांगू शकली. आपण बेसबॉलच्या जागी कांदा ठेवावा. हे वाचून मी माझा क्रम बदलला. आधी उतारे ओळखीच्या गोष्टींवरचे, ज्यांत मुलाला खरे-खोटे ठरवता येते, पाणीकपात, घंटागाडी, द्राक्षाची छाटणी, सिटी बस. पेंग्विन आणि ज्वालामुखी नंतर, तेही त्याविषयी आधी थोड्या गप्पा मारून. शीर्षक शोधण्याचे शंभर सुटे उतारे सोडवून घेणाऱ्या क्लासेसची जाहिरात आपल्या वृत्तपत्रात येते, त्यांना हे पटणार नाही. त्यांचे शंभर उतारे शंभर वेगवेगळ्या विषयांवर असतात, एकाही विषयाची माहिती जमेपर्यंत मूल तिथे थांबत नाही.

आता तारेबद्दल, कारण ‘थोडक्यात लिहायचं तर तार करायला शिकवा’ असे मला अनेक जण सुचवतात. तारेत पत्त्याचेसुद्धा शब्द मोजले जायचे, त्यामुळे माणूस खिडकीशी आला की कागदावरचे अर्धे शब्द तिथेच पुसायचा. आजार कधी सुरू झाला, डॉक्टर कोण, कोणी रुग्णालयात नेले, सगळे जायचे आणि उरायचे ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. फार न शिकलेली माणसेसुद्धा हे काम बिनचूक करायची. त्यांना सांगायचे काय ते माहीत होते, आणि शब्दागणिक पैसे जात होते. ‘स्टार्ट’ कापून ‘मदर सीरियस’ एवढेच ठेवणारा मात्र मला आठवत नाही. निरोप काय आहे यापेक्षा तो मिळणाऱ्याने काय करायचे आहे ते महत्त्वाचे, हे कोणी न शिकवता कळत होते. तरीही तार हे मुलांच्या वाचनाला अर्धेच उदाहरण आहे. तारेतला तपशील फेकून चालायचे, कारण पलीकडे मुलगा होता आणि तो पुरावा मागत नव्हता. लेख वाचणाऱ्याने पुरावा मागायला हवा. एका ओळीत सार सांगून मोकळी होणारी मुले मी पाहते, तेव्हा मला तीही अपुरीच वाटतात. ‘कशावरून?’ असे विचारले की ती पुन्हा पुस्तक उघडतात, तिथून खरे वाचन सुरू होते. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तिच्यासाठी गळा काढायचे कारण नाही. पण शब्दाला किंमत नसली की काय होते ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात रोज दिसते. पाणीपुरवठ्याची लांबलचक सूचना येते आणि खाली शिकलेसवरलेले लोक विचारतात, ‘म्हणजे उद्या पाणी येणार की नाही?’

मराठीतले काही छोटे शब्द या कामात फार मदत करतात आणि ते शिकवायला वेळही लागत नाही. ‘मात्र’ किंवा ‘पण’ आला की जरा थांबा, लेखकाचे म्हणणे बहुधा त्याच्या पलीकडे आहे. ‘म्हणून’च्या आधी आधार, नंतर म्हणणे. ‘कारण’ आले की उलट. ‘उदाहरणार्थ’च्या पुढचे आधाराच्या ढिगात टाकायला हरकत नाही. आमच्या चौथीतल्या एका मुलाने ‘मात्र’ला ‘वळणाची पाटी’ असे नाव ठेवले आहे आणि वाचताना तो तिथे खरोखर बोट टेकवतो.

आता आपल्याकडे येते. बातमी हा नवख्या वाचकासाठी उत्तम मजकूर आहे, कारण तिच्यात मुख्य गोष्ट वर आणि बारीकसारीक खाली अशी रचना असते. त्यावर हात बसला की माहितीपर लेख, मग वाचकांची पत्रे, आणि शेवटी अग्रलेख, जिथे म्हणणे कधी तिसऱ्या परिच्छेदात सापडते, कधी शेवटी, कधी दोन ओळींच्या मध्ये. फक्त बातम्यांवरच मुलांना ठेवले तर ‘पहिली ओळ म्हणजे मुख्य कल्पना’ ही जुनी युक्ती नव्या वेषात परत येईल, म्हणून हा चढता क्रम हवा. आणि एक तक्रार. आपले शीर्षक पुष्कळदा शोभेच्या ढिगातून उचललेले असते. बातमी थकलेल्या पाणीपट्टीची, शीर्षक सभेत फुटलेल्या ग्लासाचे. मोठ्यांना ते चटकदार वाटत असेल. मुलांनी दिलेली शीर्षके आपल्या छापील शीर्षकांशेजारी ठेवली, तेव्हा काही वेळा मुलांची सरस निघाली, आणि ‘पेपरवाल्यांचं चुकलंय’ या शोधाने पार्किंगमध्ये जो आनंद झाला त्याचे वर्णन मी करत नाही.

माझी मागणी अशी. जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा, शनिवारी असल्यास बरे, शंभर-सव्वाशे शब्दांची एक बातमी शीर्षकाशिवाय छापा. वर नुसती रिकामी चौकट. मुलांनी पोस्टकार्डावर इतकेच पाठवायचे: क्रियापद असलेले एक वाक्याचे शीर्षक, त्याला आधार देणारे दोन तपशील, आणि नसता तरी चालला असता असा एक. पुढच्या शनिवारी आपले मूळ शीर्षक आणि मुलांची तीन उत्तरे छापा. त्यातले एक फसलेले असू द्या, नाव न देता, आणि ते कुठे फसले ते दोन ओळींत सांगा. नुसती बरोबर उत्तरे छापली तर मुले ती पाठ करतील, आपल्याकडे पाठ करायला काहीही चालते. २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणांत साल-सनावळ्या म्हणून दाखवणारी मुले आपण दरवर्षी ऐकतोच.

बातम्यांची चणचण पडणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी आहे, रस्ते, घाट, वाहनतळ, रोज काही ना काही येते. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी येतील. २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या त्या पाणथळीच्या बातमीत तर शोभा आणि आधार वेगळे काढताना मोठ्यांचीही दमछाक होईल. कांदा आणि द्राक्ष आपल्या पानावर बाराही महिने असतात.

दोन अटी घालते, त्या मान्य नसल्या तर सदर सुरू करू नये. बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवले की उत्तरे पालकांच्या अक्षरात येतात. आणि कोणत्याही क्लासचे प्रायोजकत्व घेऊ नका, कारण दुसऱ्याच महिन्यात त्या सदराचे गाईड निघेल. आलेली पोस्टकार्डे वाचून निवडायला आपल्याकडे माणूस नसेल तर मी आणि माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षिका विनामोबदला बसायला तयार आहोत.

पहिल्या शनिवारसाठी एक मजकूर सोबत जोडला आहे. द्राक्षबागेच्या दोन छाटण्यांवर आहे, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, आणि पीक दुसरीवरच का घेतात त्यावर. छाटणीचा भाग दिंडोरीच्या एका बागायतदाराकडून तपासून घेतला आहे. शब्द मोजले आहेत, ११८ भरतात. आपल्या एका रकान्यात बसावेत.

आपली,
एक निवृत्त तार कर्मचारी,
सिडको, नाशिक